अर्धं तिकीट आणि वेळेवरची गाडी

एसटीत आपलं तिकीट अर्धं झालं त्याला आता काही वर्षं लोटली. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्राच्या हद्दीत, साध्या लाल गाडीपासून थेट शिवनेरीपर्यंत, बायकांना निम्मं भाडं पडतं. त्याच्या आधी, २६ ऑगस्ट २०२२ पासून, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास मोफतच झाला होता. सुरुवातीचे दिवस आठवतात ना? कंडक्टरनं निम्मेच पैसे घेतले की बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. आता त्याची इतकी सवय झाली आहे की अर्धं तिकीट हेच आपलं पूर्ण तिकीट असं वाटायला लागलं आहे.

घरखर्चाची वही लिहिणाऱ्या बाईला याचा हिशेब वेगळा सांगायला नको. तरी एकदा मांडून पाहू. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं. २५ जानेवारी २०२५ ला भाडेवाढ झाली, तेव्हा साध्या गाडीचा टप्पा ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैशांवर गेला. त्या दरानं अठरा किलोमीटरचे तीन टप्पे, म्हणजे तीस रुपयांच्या आसपास. आपल्याला पंधरा. जाऊन-येऊन रोजचे तीस वाचले, आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साडेसातशे. एका घरचा गॅसचा किंवा दुधाचा मोठा भाग त्यातून सुटतो. नोकरी म्हटली की ज्या घरात आधी "जाण्यायेण्यातच निम्मे जातील" असं म्हणायचे, त्या घरातली सून आता तालुक्याला शिवणाच्या दुकानात किंवा एखाद्या दवाखान्यात कामाला जाते. पैसा थोडा असेना का, तो तिच्या हातात येतो.

पण मला पैशापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. गाडीत आता कोण दिसतं ते नीट बघा. गुडघे धरून बसलेल्या आजी डोळ्यांच्या तपासणीला एकट्या निघालेल्या असतात, कारण मुलाची रजा बुडवायची गरज उरलेली नाही. बचत गटाच्या दोघी-तिघी बँकेत एकत्र जातात. माहेरी वर्षातून दोनदा जाणारी आता एखाद्या रविवारीही जाऊन येते, हळदीकुंकवाला शेजारच्या गावी जाते, नणंदेच्या बाळंतपणात दोन दिवस हाताशी राहून परतते. आमच्या शेजारच्या काकूंनी तर बहिणीला भेटायचं म्हणून चारचारदा बेत केला आणि चारही वेळा गेल्या! घरातल्या पुरुषमाणसांना कधीकधी हे खुपतं. "बायका हल्ली उगाचच फिरतात" हे वाक्य पारावर आणि कट्ट्यावर मी पुष्कळदा ऐकलं आहे. माझं उत्तर ठरलेलं: फिरू देत की! पुरुष चहा प्यायला स्टँडपर्यंत जातात तेव्हा कामाला गेले असं कुणी लिहून ठेवतं का?

मात्र आज लिहायचं आहे ते वेगळ्याच कारणानं. तिकीट स्वस्त झालं, पण गाडीच नसेल तर? रेशनवर साखर आली आणि दुकानच बंद, अशातली गत. गावोगावी हेच ऐकू येतं. कोरोनाच्या काळात गाड्या बंद होत्या, मग २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत कर्मचाऱ्यांचा लांबलेला संप झाला. त्या काळात लोकांना दुसऱ्या वाहनांची सवय लागली. आमच्याकडे त्याला वडाप म्हणतात, मराठवाड्या-विदर्भात काळी-पिवळी म्हणतात. नाव काही घ्या, जीपच्या मागच्या बाकावर पोरीबाळींना मांडीला मांडी लावून बसावं लागतं ते सारखंच. तिथे अर्धं तिकीट नाही, आजींना मोफत नाही, आणि गाडी भरेपर्यंत ती हलत नाही. तरी माणसं त्यात बसतात, कारण ती डोळ्यांसमोर उभी असते.

आता थोडं आगाराच्या बाजूनं पाहू. एखादी फेरी चालू ठेवायची, वाढवायची की बंद करायची, हे ठरवताना तिथे दोन गोष्टी पाहतात. एक म्हणजे भारमान, म्हणजे गाडीतल्या जागांपैकी किती भरल्या. आणि दुसरं, किलोमीटरमागे किती उत्पन्न मिळालं. हे दोन्ही आकडे कुठून येतात? कंडक्टरच्या मशीनमधून निघालेल्या तिकिटांवरून. आपण जे अर्धे पैसे देत नाही, ते राज्य सरकारनं महामंडळाला द्यायचे असतात, आणि त्याचाही हिशेब त्याच तिकिटावरून होतो. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, की तिकीट घेतल्याशिवाय बसू नका. "जवळच तर उतरायचंय, दहा रुपये घ्या आणि राहू द्या" असला व्यवहार मुळीच करू नका. तो नियमाबाहेरचा आहे हे तर झालंच, पण त्या दिवशी त्या गाडीत तुम्ही नव्हतातच असा त्याचा अर्थ होतो. आजींच्या बाबतीत तर हे जास्तच. त्यांना पैसे पडत नाहीत म्हणून तिकीटही नको असं त्यांना वाटतं. तसं नाही. त्यांना शून्य रकमेचं तिकीट मिळतं, ते मागून घ्यायचं, आणि वयाच्या पुराव्याला आधार कार्ड पिशवीत ठेवायचं. माझ्या सासूबाई ते तिकीट घरी आणून देव्हाऱ्याशेजारच्या डबीत ठेवतात. का ते मला अजून कळलेलं नाही!

मोफत गाडीचा अनुभव दुसरीकडे काय आहे, हेही पाहण्यासारखं आहे. आपल्या शेजारच्या कर्नाटकात ११ जून २०२३ ला 'शक्ती' योजना सुरू झाली, तिथल्या रहिवासी बायकांना साध्या गाड्यांत तिकीटच नाही. तिथेही कंडक्टर शून्य रकमेचं तिकीट फाडून देतो. गर्दी इतकी होईल हे जणू ओळखूनच त्यांनी निम्म्या जागा पुरुषांसाठी राखून ठेवण्याचा नियम केला. आपल्याकडे बायकांसाठी राखीव जागा ऐकून माहीत, हे उलटंच! दिल्लीत तर २०१९ साली बायकांचा मोफत प्रवास मुद्दाम भाऊबीजेच्या दिवशी सुरू केला होता. ओवाळणी म्हणायची.

आणखी लांबचं उदाहरण युरोपातलं आहे. एस्टोनिया नावाचा चिमुकला देश आहे, सगळ्या देशाची वस्ती आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्यापेक्षाही कमी. त्याच्या राजधानीनं, टॅलिन शहरानं, २०१२ साली लोकांचं मत घेतलं आणि १ जानेवारी २०१३ पासून शहरात नाव नोंदवलेल्या सर्वांना बस आणि ट्राम मोफत केली. पुढे १ जुलै २०१८ ला पंधरापैकी अकरा काउंट्यांत, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांत, गावाकडच्या गाड्यांनाही तिकीट राहिलं नाही. काय झालं? गरीब, म्हातारे आणि बेकार माणसं जास्त फिरू लागली, हे चांगलंच. पण मोटार दारात असलेल्यांनी मोटार काही फारशी सोडली नाही. त्यांना तिकिटाची अडचण नव्हतीच, त्यांना हवी तेव्हा गाडी नव्हती. खर्च मात्र सरकारवर चढत गेला, आणि २०२४ मध्ये काउंट्यांतल्या गाड्यांना कामाच्या वयाच्या लोकांकडून पुन्हा भाडं घेणं सुरू झालं. मुलं आणि म्हातारी माणसं मोफतच राहिली. मला यात एक बारीक गोष्ट आवडली. टॅलिनमध्ये बस मोफत आहे, तरी चढल्यावर आपलं कार्ड यंत्राला लावावंच लागतं. किती माणसं कुठल्या गाडीनं गेली, हे कळल्याशिवाय गाड्या आखायच्या कशा?

म्हणजे पैशाची सवलत वर बसलेले लोक देतील. पण गाडी किती वाजता यावी हे त्यांना कसं कळणार? ते आपल्यालाच सांगावं लागतं, आणि सांगायची एक रीत असते. हे मी ऐकीव सांगत नाही, शाळेत पाहिलं आहे.

मी आठवड्यातून तीन दिवस एका गावच्या हायस्कुलात मराठी शिकवायला जाते. शाळा पाच वाजता सुटते. पलीकडच्या तीन वाड्यांकडे जाणारी गाडी चार चाळीसला. हे वेळापत्रक शाळेची वेळ बदलण्यापूर्वीचं, त्यात दोष कुणाचाच नाही. पण त्या वाड्यांतल्या अकरा मुली रोज शेवटचा तास अर्धवट सोडून दप्तर आवरायच्या. शेवटचा तास गणिताचा! पुढची गाडी सव्वासातला, तोवर हिवाळ्यात गडद अंधार. मुलगे सायकलनं किंवा वडापच्या मागे लोंबकळत जायचे. मुलींना ते शक्य नव्हतं. दहावीतल्या एका मुलीच्या वडिलांनी शाळेत येऊन स्पष्टच सांगितलं होतं, "बाई, ही एवढी परीक्षा झाली की बास. रोजची काळजी कुणी करायची?" मुलगी वर्गात दुसरी येणारी. ती त्यांच्या मागे उभी राहून चपलेनं जमीन उकरत होती.

गावानं त्यापूर्वी एक अर्ज केला होता. "विद्यार्थ्यांची फार गैरसोय होते, तरी गाडी सोडण्यात यावी, ही नम्र विनंती", खाली चाळीस सह्या. त्याचं काही झालं नाही. होणार तरी कसं? नवी गाडी मागितली होती, आणि नव्या गाडीला गाडी लागते, ड्रायव्हर लागतो, डिझेल लागतं.

मग वाड्यांतल्या बचत गटाच्या बायकांनी वेगळं काम केलं. त्यांनी शंभर पानी वही घेतली आणि महिनाभर रोज लिहिली. थांब्याजवळच पिठाची गिरणी आहे, ती चालवणाऱ्या वहिनींकडे वही ठेवली. गाडी किती वाजता आली, किती चढले, पाचनंतर वडापनं किती गेले, त्यांत मुली किती, बायका किती, सत्तरीच्या पुढचे किती. महिन्याची बेरीज झाली तेव्हा बायकाच थक्क झाल्या. चार चाळीसच्या गाडीला या थांब्यावरून सरासरी नऊ माणसं चढत होती आणि पाच ते साडेपाचच्या दरम्यान तेवीस माणसं वडापला पैसे मोजत होती. आता अर्ज लिहिणं सोपं झालं. नवी गाडी नको, आहे तीच पस्तीस मिनिटं उशिरा सोडा, तेवीस तिकिटं वाढतील. शाळेच्या वेळेचा मुख्याध्यापकांचा दाखला, ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल आणि वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या.

पाच जणी आगारात गेल्या. आगार व्यवस्थापकांनी वही उलटसुलट करून पाहिली आणि अडचण सांगितली: हीच गाडी परत येऊन सातला दुसऱ्या मार्गावर जाते, सव्वापाचला सोडली तर ती फेरी चुकेल. गिरणीवाल्या वहिनी म्हणाल्या, "मग पाच दहाला सोडा. आमची मुलं धावत येतील." शेवटी पाच दहा ठरली. पण एक तंटा राहिलाच. बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन परत जाणाऱ्या बायकांना चार चाळीसचीच गाडी हवी होती. अर्धा तास उशीर म्हणजे जनावरांच्या धारेला उशीर. त्यांचंही खोटं नव्हतं. दोन बैठका झाल्या, थोडी बोलाचालीही झाली. अखेर गुरुवारी गाडी जुन्याच वेळेला ठेवली आणि शाळेनं गुरुवारचा शेवटचा तास खेळाचा केला. मुलग्यांना ते अर्थातच फार आवडलं, मुली जरा हिरमुसल्या.

ती मुलगी आता अकरावीला तालुक्याला येते. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शिक्षणासाठी एसटीचा मोफत पास मिळतो, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना आहे. बाकीच्या विद्यार्थ्यांना एक तृतीयांश भाड्यात पास मिळतो. तुमच्या घरात किंवा शेजारी अशी मुलगी असेल तर जूनमध्येच शाळा-कॉलेजात चौकशी करा. २०२४ पासून पास शाळेतच देण्याची मोहीम सुरू झाली, त्यामुळे स्टँडवरच्या रांगेचा त्रास वाचतो. आणि राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत 'मानव विकास'च्या निळ्या बस खास मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी दिलेल्या आहेत. तुमचा तालुका त्यात असेल आणि निळी बस तुमच्या वाडीपर्यंत येत नसेल, तर का येत नाही हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. नुसतं घरी बसून चुकचुकण्यात काय अर्थ!

सकाळच्या गाडीचं मात्र सगळं भाग्य मुक्कामी गाडीवर असतं. रात्री गावात येऊन थांबायची आणि पहाटे निघायची ही गाडी म्हणजे गावाचं घड्याळच. तिच्यामुळे कॉलेजची मुलगी सातच्या तासाला पोचते, रुग्णाला पहाटे तालुक्याला नेता येतं, दूध-भाजी बाजारात वेळेवर जाते. पण मुक्कामाला येणाऱ्या ड्रायव्हर-कंडक्टरनं रात्री झोपायचं कुठे? कित्येक गावांत गाडीच्या बाकावरच, डास मारत. काही ठिकाणी संडासचीही सोय नसते. आता काही वाहकही बायकाच असतात, हे लक्षात घ्या. ज्या गावाला मुक्कामी गाडी टिकवायची आहे त्यानं ग्रामपंचायतीची किंवा समाजमंदिराची एक खोली, दिवा, पाणी आणि संडास एवढं नीट ठेवावं. ही खोली झाडून ठेवण्याचं काम बचत गटानं आळीपाळीनं घेतल्याचं मी पाहिलं आहे. एका आजींनी तर पहाटेच्या चहाचं आपल्याकडे घेतलं. कुणी म्हणेल, हे काम आपलं का? नसेलही आपलं. पण गाडी आपली आहे.

अर्जाबद्दल दोन शब्द अजून, कारण पत्रं येतात त्यांत हेच विचारलेलं असतं. अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावे, एका पानात. गावाचं नाव, मार्ग, आत्ताची वेळ, हवी ती वेळ, आणि त्या वेळेला किती तिकिटं होतील हा आकडा, एवढं पुरतं. दोन प्रती न्यायच्या, एका प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यायची. एकीनं जाऊ नये, पाच-सहा जणींनी जावं, पण सगळ्यांनी एकदम बोलू नये! स्टँडवर तक्रारवही मागितली की द्यावीच लागते. २०२४ च्या जुलैमध्ये 'प्रवासी राजा दिन' सुरू झाला, त्या दिवशी विभागाचे वरिष्ठ अधिकारी आगारात बसून प्रवाशांचं ऐकतात. तुमच्या आगारात तो कधी असतो हे चौकशीच्या खिडकीवर विचारून ठेवा. महिनाभरात उत्तर आलं नाही तर पोच जोडून विभाग नियंत्रकांना लिहायचं. भांडणाचा सूर नको. ड्रायव्हर-कंडक्टरवर राग काढून तर काहीच मिळत नाही, वेळापत्रक त्यांच्या हातात नसतं. आणि वेळ बदलून मिळाली, तर पहिले दोन महिने त्या गाडीत प्रत्येकीनं आवर्जून बसायचं, वडाप समोर उभी असली तरी. कारण दोन महिन्यांनी आगारात पुन्हा आकडे काढले जातात.

गिरणीतली वही अजून चालू आहे. नव्या पानांवर आता सव्वासातच्या गाडीची नोंद सुरू झाली आहे; तालुक्याच्या दुकानांत कामाला जाणाऱ्या सात-आठ जणींना ती अर्धा तास आधी हवी आहे.